व्हर्टोव्हच्या सहा पायऱ्यांनी तीन मिनिटांचा मूक माहितीपट: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

‘सोव्हिएत पद्धतीचं मोंटाज (शॉट शेजारी लावून अर्थ घडवणारं संकलन) केलंय’ असं सांगून माझ्याकडे येणाऱ्या फिल्म्स बहुतेक एकाच साच्याच्या असतात. ड्रोनमधून शहर, मग गर्दी, रेल्वेची चाकं, डोळ्याचा क्लोज-अप, खाली इलेक्ट्रॉनिक ठेका आणि प्रत्येक ठेक्यावर कट. मेहनत दिसते, नाही असं नाही. पण काम शेवटच्या पायरीवरून सुरू केलेलं असतं. आधी गाणं निवडलं, मग टाइमलाइन उघडली, मग हाताशी असलेले शॉट त्यात कोंबले.

सोव्हिएत माहितीपटकार झिगा व्हर्टोव्हने १९२६ मध्ये आपल्या ‘किनोक’ गटांसाठी, म्हणजे त्याच्या पद्धतीने चित्रण करणाऱ्यांसाठी, सूचना लिहिल्या. त्यात संकलनाच्या सहा पायऱ्या आहेत: निरीक्षण करतानाचं संकलन, निरीक्षणानंतरचं, चित्रण करतानाचं, चित्रणानंतरचं, नजरेच्या अंदाजाने राहिलेल्या तुकड्यांची शिकार आणि शेवटचं संकलन. पहिल्या दोन पायऱ्यांत कॅमेराच नाही आणि आपण ज्याला ‘एडिटिंग’ म्हणतो ते चौथ्या पायरीपासून सुरू होतं. खाली याच क्रमाने तीन मिनिटांची मूक फिल्म कशी बांधायची ते दिलं आहे. एक आठवडा हाताशी ठेवा. घाई असेल तर फिल्म दीड मिनिटाची करा, पण पायरी गाळू नका.

## तयारी

साहित्य थोडंच लागतं: मोबाइल किंवा कुठलाही कॅमेरा, एक स्टँड, खिशात मावणारी वही, पत्त्यांच्या आकाराचे साठ-सत्तर कोरे कागद आणि फ्रेम (व्हिडिओतली एकेक स्थिर चित्रं) मोजता येतील असं कुठलंही संकलनाचं सॉफ्टवेअर.

विषय निवडताना हात आखडता घ्या. ‘शहर’, ‘माणूस आणि यंत्र’, ‘जीवनचक्र’ हे विषय वापरू नका. एकच काम, एकच जागा, पुन्हा पुन्हा होणारी हालचाल आणि तुम्हाला चालत जाता येईल एवढं अंतर, असा विषय शोधा. या लेखात मी लादी पाव करणारी बेकरी धरून चाललो आहे. काम रात्री सुरू होतं, सकाळी संपतं आणि वाटेत पीठ, आग, हात, सायकल एवढं सगळं येतं. ज्यांच्या गल्लीत बेकरी नाही त्यांनी पिठाची गिरणी किंवा इस्त्रीचं दुकान घ्यावं.

काम सुरू करण्याआधी व्हर्टोव्हचा मूकपट ‘मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा’ (१९२९) एकदा आवाज पूर्ण बंद करून पाहा. हे महत्त्वाचं आहे. व्हर्टोव्हने वादकांसाठी टिपणं लिहिली होती, पण आज ज्या प्रती पाहायला मिळतात त्यांवरचं संगीत बहुधा नंतरच्या काळातलं असतं. आपल्याला जाणवणारा ठेका कटचा आहे की वादकांचा, हे आवाज चालू ठेवून कळत नाही. प्रत्येक कटला टेबलावर बोट आपटा. सुमारे सत्तर मिनिटांत सतराशेच्या आसपास शॉट आहेत, पण बोट एकसारखं चालत नाही. सकाळच्या भागात ते कितीतरी वेळ थांबून राहतं. शहर जागं व्हायला व्हर्टोव्ह वेळ देतो म्हणून पुढचा वेग अंगावर येतो.

तपासणी: तुमचा विषय एका वाक्यात सांगा आणि त्या वाक्यात क्रियापद असू द्या. ‘बेकरीचं आयुष्य’ हे वाक्य नव्हे. ‘रात्रपाळीची झोप गावाच्या न्याहारीत जाते’ हे वाक्य आहे, आणि त्यातून शॉट सुचतात.

## पायरी १: कॅमेऱ्याशिवाय पाहणं

तीन वेगवेगळ्या वेळी जा. मालकाची आणि कामगारांची परवानगी याच टप्प्यात घ्या, म्हणजे कॅमेरा येईल तेव्हा तुम्ही अनोळखी नसाल. मोबाइल खिशातच राहू दे. वहीत चारच गोष्टी लिहायच्या: वेळ, हालचाल, तिची दिशा, उजेड कुठून येतो. उदाहरणार्थ:

*४.१०: पीठ मळणारे दोन हात, वरून खाली. डोक्यावर एकच बल्ब.*
*४.३५: लांब दांड्याचं लाकडी फावडं भट्टीत आत जातं, रिकामं बाहेर येतं. उजेड फक्त आगीचा.*
*५.५०: सायकलचं मागचं चाक, डावीकडून उजवीकडे. आकाश निळसर.*

विशेषणं लिहायची नाहीत. ‘थकलेले हात’ असं लिहिलंत की कॅमेरा घेऊन तुम्ही थकवा शोधत फिराल आणि हात तिथेच राहतील.

नेहमीची चूक: ‘रेकी’ म्हणून जायचं आणि मोबाइलवर शूट करून यायचं. मग मेंदू त्या पहिल्या कोनाला चिकटतो आणि पुढच्या प्रत्येक खेपेला तुम्ही तोच शॉट ‘नीट’ घेत बसता.

तपासणी: वहीत दिशेसह किमान पंधरा वेगळ्या हालचाली आहेत का? नसतील तर चौथ्यांदा जा.

## पायरी २: पाहिलेलं मांडणं

घरी बसून प्रत्येक हालचाल एका कागदावर लिहा. आता हे कागद घड्याळाच्या क्रमाने लावण्याचा मोह होईल. तो टाळा, कारण व्हर्टोव्हची सूचना आहे ती वैशिष्ट्यांनुसार रचण्याची. गोल फिरणारं एका बाजूला (पिठाचं यंत्र, सायकलचं चाक), आत-बाहेर जाणारं दुसऱ्या बाजूला (फावडं, शटर, श्वास), थांबलेलं तिसऱ्या बाजूला (झोपलेला पोऱ्या, फुगत पडलेलं पीठ).

मग जोड्या लावा. फुगणारं पीठ आणि झोपलेल्या माणसाची वरखाली होणारी छाती. भट्टीचं दार आणि घराचं दार. अशा आठ-दहा जोड्या मिळाल्या की फिल्मचा सांगाडा तयार झाला. ‘मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा’मध्ये नोंदणी कार्यालयातलं लग्न, घटस्फोट, बाळंतपण आणि अंत्ययात्रा एकमेकांत गुंफले आहेत. तो भाग पुन्हा काढून पाहा. हे प्रसंग एकमेकांशेजारी ठेवायचे हा विचार कात्रीच्या आधीचा आहे.

याच टप्प्यावर युक्त्यांचा निकाल लावा. व्हर्टोव्हच्या १९२४ च्या ‘किनो-आय’मध्ये काळ उलटा चालतो. बाजारातलं मांस पुन्हा जिवंत बैल होतं, पाव मागे मागे जात शेतात पोचतो. हे आवडल्यामुळे अनेकजण आपल्या फिल्ममध्ये काहीतरी उलटं चालवतातच. पण तिथे त्या उलट्या चालीला काम होतं: समोर विकायला ठेवलेली वस्तू कुठून आली, किती हातांतून आली, ते दाखवायचं होतं. तुमच्या वाक्याला उलट्या चालीची गरज नसेल तर ती युक्ती खोडून टाका. स्प्लिट स्क्रीन आणि दुहेरी प्रतिमेलाही हाच न्याय लावा.

## पायरी ३: चित्रण

तिथे पोचलात की जागा बदललेली वाटेल. बल्ब बदललेला असेल, मळणारा माणूस सुट्टीवर असेल. तुमच्या कागदांशी भांडू नका. त्या दिवशीच्या परिस्थितीत कुठल्या जोड्या टिकतात ते तिथेच ठरवा.

आता ‘इंटरव्हल’, म्हणजे अंतर. व्हर्टोव्हचा मुद्दा असा की संकलनाचं खरं साहित्य हालचाल नसून एका हालचालीतून दुसरीत जातानाचं अंतर आहे, संगीतात दोन सुरांमध्ये असतं तसं. हे अंतर त्याने पाच नात्यांत मोडून दाखवलं: शॉटचा आकार, कॅमेऱ्याचा कोन, फ्रेममधल्या हालचाली, उजेड-सावली आणि चित्रणाचा वेग. संकलनात या पाचांशी खेळायचं असेल तर ती फुटेजमध्ये असायला हवीत. म्हणून प्रत्येक हालचालीसाठी:

१. दूरचा, मधला आणि जवळचा असे तीन आकार घ्या.
२. निदान दोन कोन घ्या, त्यातला एक नेहमीच्या डोळ्याच्या उंचीचा नसावा.
३. शक्य तिथे हालचाल डावीकडून उजवीकडे आणि उलटही मिळवा. त्यासाठी कॅमेरा पलीकडच्या बाजूला नेऊन ठेवा. संकलनात फ्रेम आरशासारखी उलटवलीत तर पाटीवरची अक्षरंही उलटतात.
४. प्रत्येक शॉट किमान दहा सेकंद चालू ठेवा.
५. दोन-तीन हालचाली जास्त वेगाने (सेकंदाला ५० किंवा ६० फ्रेम) वेगळ्या घ्या. बाकी सगळं २५ वर.

एक्स्पोजर (कॅमेरा किती उजेड आत घेतो ते) लॉक करा. भट्टीचं दार उघडताच मोबाइल आपोआप उजेड सावरतो आणि तुमची उजेड-सावली तिथल्या तिथे संपते.

नेहमीची चूक: कॅमेरा सतत हलवणं. सगळेच शॉट फिरत असतील तर त्यांच्यात अंतर उरत नाही. दहातले आठ शॉट स्थिर घ्या आणि हलणारे दोन कुठे लागणार ते आधी ठरवा.

इशारा, लपवलेल्या कॅमेऱ्याबद्दल: ‘बेसावध जीवन टिपणं’ ही घोषणा लोकांना फार आवडते, आणि तिच्या नावाखाली अनोळखी माणसांचे चेहरे चोरले जातात. व्हर्टोव्हच्या सूचनांत चित्रणाच्या अनेक तऱ्हा आहेत: उघड जागेवरून, लपून, लांबून, चालत्या वाहनातून, वरून. लपून चित्रण ही त्यांतली एक. माणूस अभिनय करत नसताना दिसावा एवढाच हेतू होता. त्यासाठी सर्वात उपयोगी तऱ्हा म्हणजे माणसाचं लक्ष आपोआप कामात गुंतलेलं असताना टिपणं. स्टँड लावून तासभर उभे राहा. पीठ चिकटायला लागल्यावर तुमच्याकडे कोण बघतो? त्या १९२९ च्या फिल्ममध्ये घटस्फोटाची नोंद करायला आलेली एक बाई कॅमेऱ्यासमोर पर्स धरून चेहरा झाकते. व्हर्टोव्हने तो शॉट ठेवला. तुम्ही ठेवू नका. कुणी चेहरा झाकला की रेकॉर्डिंग थांबवायचं.

## पायरी ४: चित्रणानंतरची लावालाव

सगळं फुटेज एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहा, एकही कट न करता. कंटाळवाणं आहे, तरीही. जुन्या फुटेजमधून फिल्म बांधणारी सोव्हिएत संकलक एस्फिर शूब हिने रशियाच्या रोमानोव्ह राजघराण्याच्या पतनावरची १९२७ ची फिल्म करताना जुनं फुटेज सुमारे ६०,००० मीटर पाहिलं आणि वापरलं सुमारे १,५०० मीटर. चाळिसास एक हे प्रमाण. तुमचं फुटेज जेमतेम दोन तासांचं असेल.

पाहून झालं की नावं द्या. व्हर्टोव्हची संकलक आणि पत्नी एलिझावेता स्विलोवा ‘मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा’मध्ये स्वतः काम करताना दिसते. तिच्या मागच्या फळ्यांवर फिल्मच्या गुंडाळ्या विषयवार चिठ्ठ्या लावून ठेवलेल्या आहेत. त्या फळ्या म्हणजे तुमची फोल्डर्स. फाइलच्या नावात तारीख, जागा, हालचाल, दिशा आणि आकार एवढं बसवा: ‘१२मार्च_बेकरी_फावडं_आत_जवळचा’. ‘फायनल २’ किंवा ‘मस्त शॉट’ असली नावं ठेवलीत तर पाचव्या पायरीला रडाल.

तारीख आणि जागेचा आग्रह का, तर त्यामागे एक जुनं भांडण आहे. १९२६ मध्ये समीक्षक व्हिक्टर श्क्लोव्स्कीने व्हर्टोव्हला टोचलं होतं की फिल्ममध्ये आडवं पडलेलं रेल्वे इंजिन दिसतं, तर मला त्या इंजिनाचा नंबर हवा. नंबर, जागा, दिवस नसेल तर तो दस्तऐवज उरत नाही, नुसतं ‘एक इंजिन’ होतं. मला या वादात श्क्लोव्स्कीची बाजू पटते. तुमच्या फिल्ममध्ये हे सगळं पडद्यावर लिहायची गरज नाही, पण विचारल्यावर सांगता आलं पाहिजे.

तपासणी: पायरी २ मधल्या जोड्या समोर ठेवा आणि दोन्ही बाजू मिळालेल्या जोड्यांवर खूण करा. उरलेल्यांची यादी करा. ही यादी रिकामी असेल तर बहुधा तुम्ही स्वतःशी खोटं बोलताय.

## पायरी ५: राहिलेल्या तुकड्यांची शिकार

सगळ्यात जास्त गाळली जाणारी पायरी हीच. चित्रण संपलं, स्टँड परत केला, आता आहे त्यात भागवू. आणि मग दोन भागांच्या मध्ये एक ढगांचा टाइम-लॅप्स येतो.

व्हर्टोव्हने इथे लष्करी सूत्र उचललं आहे: नजरेचा अंदाज, वेग, चढाई. म्हणजे आता फिरताना तुम्हाला काय हवंय ते नेमकं माहीत असतं, त्यामुळे ते दिसताच क्षणात टिपायचं. या पायरीचं काम सांधे, म्हणजे दोन भागांना जोडणारे शॉट, मिळवणं हे आहे. मुख्य घटना पुन्हा शूट करत बसायचं नाही.

माझं स्वतःचं उदाहरण सांगतो. बेकरीवरच्या माझ्या पहिल्या फिल्ममध्ये भट्टीची आग होती आणि सकाळचा रस्ता होता, मध्ये काहीच नव्हतं. कसाही कट मारला तरी धक्का बसायचा, कारण एक फ्रेम पूर्ण काळी-केशरी आणि दुसरी पूर्ण राखाडी. दोन दिवस रंग जुळवण्यात घालवले. शेवटी पुन्हा गेलो तेव्हा बंद शटरच्या खालच्या फटीतून आत येणारी सकाळची पट्टी दिसली: वर अंधार, खाली उजेड. सहा सेकंदांचा शॉट, आणि सांधा बसला. तो आधीच्या तिन्ही खेपांतही तिथेच होता. मला त्याची गरज माहीत नव्हती म्हणून दिसला नव्हता.

अर्धा दिवस पुरतो. यादीतल्या प्रत्येक सांध्यासाठी दोन पर्याय आणा.

## पायरी ६: शेवटचं संकलन

आता टाइमलाइन उघडा. ऑडिओचे ट्रॅक बंद ठेवा.

६.१ आधी फक्त जोड्या. दोन शॉट लावा, पाहा, उलटे लावा, पुन्हा पाहा. क्रम बदलल्यावर अर्थ बदलत नसेल तर ती जोडी अशक्त आहे. इथे सोव्हिएत दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्हचा प्रयोग आठवेल: एकाच भावहीन चेहऱ्यापुढे वेगवेगळी दृश्यं लावली की प्रेक्षकाला चेहऱ्यावर वेगवेगळे भाव दिसतात. मूळ प्रयोग आज उपलब्ध नाही आणि त्याची वर्णनंही एकमेकांशी जुळत नाहीत, पण परिणाम तुम्ही पाच मिनिटांत स्वतः ताडून पाहू शकता. पाहा, आणि मग सावध व्हा. मालकाचा जांभई देतानाचा चेहरा घाम गाळणाऱ्या कामगाराला जोडलात तर तुम्ही एक आरोप तयार केलात. जांभई पहाटे साडेतीनची असेल आणि तोही रात्रभर जागा असेल, तर तो आरोप खोटा आहे.

६.२ प्रत्येक कटला नाती मोजा. कागदावर पाच रकाने आखा: आकार, कोन, हालचाल, उजेड, वेग. कट झाला की कुठला रकाना बदलला त्यावर खूण करा. नवशिक्याच्या फिल्ममध्ये प्रत्येक कटला पाचही बदलतात, म्हणून सगळे कट सारखेच वाटतात. साधारण नियम असा ठेवा की एक-दोन बदला, बाकी धरून ठेवा. पिठाच्या यंत्राच्या गोल फिरण्यातून सायकलच्या चाकात जाताना हालचाल तीच ठेवा, उजेड बदला. पाचही एकदम बदलायचे असतील तर ते फिल्ममध्ये एकदाच करा.

६.३ मग फ्रेम मोजा. सूचनांत शेवटी तुकड्यांच्या गटांची आकड्यांत मोजणीही सांगितली आहे. २५ फ्रेमला एक सेकंद धरून मळणारे हात आणि फावडं यांची आलटून-पालटून रचना अशी करून पाहा: ७५, ७५, ५०, ५०, ३७, ३७, २५, २५, १२, १२ आणि मग फुगत पडलेल्या पिठाचा १५० फ्रेमचा एकच शांत शॉट. वेग वाढतो म्हणून तो शांत शॉट लागतो, आणि तो असतो म्हणून वेग कळतो.

इशारा: बारा फ्रेमपेक्षा छोटा तुकडा प्रेक्षकाने आधी मोठ्या स्वरूपात पाहिलेला असला पाहिजे. १९२९ च्या त्या मूकपटाच्या शेवटी शॉट एक-दोन फ्रेमपर्यंत उतरतात, तरी आपण हरवत नाही, कारण त्या वस्तू तासभर ओळखीच्या झालेल्या असतात. पहिल्याच मिनिटात पाच फ्रेमचे तुकडे टाकलेत तर नुसता लखलखाट होतो.

आकडे जुळले म्हणून खूशही होऊ नका. सोव्हिएत दिग्दर्शक आयझेन्स्टाइनने व्हर्टोव्हच्या १९२८ च्या ‘इलेव्हन्थ इयर’बद्दल हेच खुपवलं होतं: मोजमाप इतकं गुंतागुंतीचं की नियम सापडायला हातात पट्टी घ्यावी लागते, डोळ्यांना तो जाणवत नाही. मित्राला प्रत्येक कटला टाळी वाजवायला सांगा आणि तुम्ही डोळे मिटून ऐका. टाळ्यांतून चाल उभी राहत नसेल तर आकडे बदला.

६.४ दुय्यम धागे शेवटी ओढा. मुख्य रचना उभी राहिली की बारीक गोष्टी वर येतात: प्रत्येक शॉटमध्ये मागे दिसणारं घड्याळ, दर वेळी वेगळ्या ठिकाणी झोपलेलं तेच मांजर. तीन ठिकाणी दिसलं तर धागा होतो, एकदाच दिसलं तर काढा.

६.५ ध्वनी हवाच असेल तर आता. चित्र कुलूपबंद झाल्यावर. ध्वनी बसवताना कट हलवावासा वाटला तर ध्वनी चुकलाय.

## जुनं फुटेज वापरणार असाल तर

पहिल्या तीन पायऱ्यांची जागा इथे शोध आणि परवानगी घेतात. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातलं असो वा घरातल्या लग्नाची कॅसेट, आधी हक्क कुणाकडे आहेत ते लेखी विचारा. पुढे शूबची शिस्त पाळा. प्रत्येक तुकड्याचा दिवस, जागा आणि मूळ हेतू शोधा आणि तुकडा इतका लांब ठेवा की प्रेक्षकाला त्यातली माणसं, कपडे, पाट्या वाचता येतील. इथे वेगवान कट बहुधा नुकसानच करतो. व्हर्टोव्हने १९२३ मध्ये लिहिलं होतं की शिकागोच्या रस्त्यावर आज चालणाऱ्या माणसाकडून मी १९१८ च्या पेट्रोग्राडमधल्या (आजचं सेंट पीटर्सबर्ग) कॉम्रेडला नमस्कार करवू शकतो. करता येतं, आजतर बोटाच्या टोकावर. केलंत तर पडद्यावर तसं लिहा.

## पाठवण्याआधी

फिल्म आवाजाशिवाय आणि अर्ध्या आकाराच्या पडद्यावर एकदा पाहा. मग प्रत्येक शॉट एकेक करून झाकून पाहा. ज्याच्या जाण्याने शेजारच्या दोघांना काही फरक पडत नाही तो उडवा. तीन मिनिटांच्या फिल्ममधून सहज वीस सेकंद निघतात. ती पहिली प्रत पाव करणाऱ्यांनाच दाखवा, तेही पीठ फुगायला ठेवलेलं असताना, तेव्हा त्यांना अर्धा तास मोकळा असतो. ‘हे आधी होतं, ते नंतर’ असं कुणी म्हणालं तर वाद न घालता कागद काढा आणि तो कट कुठल्या जोडीतला होता ते पाहा.